डाव्या गालाची कैफियत

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (आठांपैकी साडेसात अंगांनी, कारण अर्धा चेहरा सध्या कामावर नाही). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी जिना बंद केला, असं कळलं. त्यांचं ऐका.

पत्रास कारण माझी नोकरी. ती जायच्या बेतात आहे, आणि दुकानाचे मालक तुमचे शाळूसोबती आहेत.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी चूळ भरली, तर निम्मं पाणी डावीकडून सदऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, हातापायांचे स्नायू हाडं ओढतात, पण चेहऱ्यातले बरेचसे थेट कातडीला चिकटलेले असतात, म्हणून तर माणसाच्या मनातलं तोंडावर दिसतं. त्यांना हुकूम पोचवणारी माझी डावी नस सुजली होती. म्हणजे स्नायू धडधाकट, पण हुकूमच नाही (आमच्या दुकानात नेमकं उलट आहे).

चष्म्याच्या दुकानात हे दुखणं फार वाईट, मामा. चारी भिंतींना आरसे. त्यात डोळा मिटणारा गोल स्नायू फक्त उजवीकडे चाले, त्यामुळे माझी साधी पापणी लवली तरी गिऱ्हाइकाला वाटे, यानं डोळा मारला. एका बाईंना मी अत्यंत गंभीरपणे ‘ही फ्रेम शोभते’ म्हणालो, तर त्यांचे यजमान काउंटरच्या आत आले. मालकांनी मला मागच्या खोलीत भिंगं घासायला बसवलं. बसलो, तक्रार केली नाही.

मग गेल्या आठवड्यात मालकांच्या आई वारल्या. आम्ही सगळे भेटायला गेलो. कोपऱ्यात त्यांचा फोटो, शेजारी मालक मान खाली घालून. मी फोटोकडे पाहिलं आणि हसलो. दात दिसतील इतका. मालकांनी नेमकी तेव्हाच मान वर केली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, एक तारखेपासून येऊ नकोस.

तर त्यांना एवढं सांगा, की पोराचा चेहरा त्याच्या ताब्यात नाही, तोंड आपसूक एका बाजूला ओढलं जातं. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. पुढची बाजूच दाखवा. मागे मालकांकडे भेटायला गेलो त्याच्या आदल्या दिवशीचा शेरा आहे, ‘नस सुधारते आहे’.

पुन्हा ता. क. मामा, वरचं काही सांगू नका. तोंड ओढलं गेलं नव्हतं, मी हसलोच होतो. मालकांच्या आई रोज दुपारी लेकाचा डबा घेऊन येत आणि मागच्या खोलीत माझ्यासमोर स्टूल ओढून बसत. गाल फुगव, म्हणत, आणि मला एकट्याला लाज वाटू नये म्हणून स्वतःही फुगवत. भुवया वर, ओठांचा चंबू, मग हसणं, सगळं दहा-दहा वेळा. माझा डावा गाल ढिम्म. त्या म्हणत, उद्या हलेल. त्या दिवशी फोटोसमोर सवयीनं हसून पाहिलं, तर डावी बाजू वर गेली. पहिल्यांदाच. मला फार रडू आलं, मामा, पण ते घरी आल्यावर. नोकरीचं राहू द्या. मालकांना एवढंच विचारा, आई गाल फुगवून कशा दिसायच्या ते त्यांनी कधी पाहिलंय का. पाहिलं नसेल, तर मी येऊन करून दाखवतो. आता दोन्ही गाल फुगतात.