रक्तातले शिपाई फितूर

२६ मार्च
ज्यांना जन्मभर भाकरी चारली तेच फितूर निघाले. माझ्याच रक्तातले शिपाई. धाराशिवच्या डॉक्टरानं आज कागदावर काळजाची नळी काढून दाखवली. म्हणला, हिरड्या सडल्यात, तिथले जंतू रक्तात उतरतात. शिपाई त्यांच्या मागं धावतात, नळीच्या भिंतीत घुसतात आन तिथंच मरतात. त्याची सूज, वरून चरबी, नळी बारीक. बीपी हायच, पर हिरड्या आगीत तेल वततात म्हणं. छातीत कळ येती ती नळीची. गोळ्या दिल्या. तंबाखूची मिश्री आजपासून बंद, दोन दात काढायचे, दातवाल्याची चिठ्ठी घेऊन पंधरा एप्रिलला यायचं, मग नळीचं बघू. उशीर केला तर झटका.
लोकांचे शिपाई चोर धरतात. माझे माझ्याच घरात मरून पडतात.
मिश्री सोडली. पाडव्यापासून. शुभ काम कवाबी सुरू करू नये.

३० मार्च, पाडवा
सोडली. मालकांना सांगितलं, शेजारच्या धाकट्या जावेला अयोध्याला बी सांगितलं. मालक हसले. हसू द्या.

३१ मार्च, सकाळी
अयोध्या उंबऱ्यावर एकटीच दातावर बोट फिरवत बसली हुती. वीस वर्सं आमी दोघी तिथंच बसतो. बरं दिसंना. जाऊन बसले. पदराआड माझ्या डबीतली सोबतीपुरती चिमूट घेतली. ह्याला लावणं म्हणत न्हायत.

२ एप्रिल
डबी संपली. तव्यावर नवी भाजली, अयोध्याला लागंल म्हणून. नीट भाजली का न्हाय ते दाताला लावल्याबिगर कळत न्हाय. तीनदा बघितलं.

५ एप्रिल
लोहाऱ्याला दातवाल्याकडं गेले. आतून एक बाप्या गाल धरून आला, तोंडात कापसाचा बोळा, लाल. माझा दात दुखायचाच थांबला. मग उगं कशाला? मालकांना म्हणलं, दवाखाना बंद हुता.

८ एप्रिल
घागर उचलताना कळ. घाम फुटला. गॅस आसंल. ओवा खाल्ला. कुणाला बोलले न्हाय.

१० एप्रिल
धोका.
मालकांना पिठाच्या डब्यामागं भरलेली डबी घावली. म्या म्हणलं, अयोध्याची हाय. त्यांनी भिंतीवरून तिला हाक मारली. ती आली, डबी बघितली.
"अक्का, तुमच्या छातीचं कळलं त्याच दिशी म्या माझी चुलीत घातली. तुमी एकट्या पडताल म्हणून रिकामं बोट फिरवीत बसत हुते. मला वाटलं, तुमचं बी रिकामंच हाय."
मालकांनी डबी माझ्या हातात दिली आन रानात गेले. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.
फसवलं तिनंच. वीस वर्सांची जाऊ, मला न सांगता सोडती.
परवा शनवार, पहिल्या यष्टीनं लोहारा. दातवाल्याच्या त्या खुर्चीत एकटीनं बसायचं मला भ्या वाटतं. हे मालकांना कळू नये. अयोध्याला इचारलंय; तिनं उद्या, शुक्रवारी, दिवा लावायच्या आत सांगावं, संगं येती का न्हाय.