नोहाचा शाप

रूथच्या पप्पांना,

परवा नात संडेस्कूलमधून रडत आली. "आजी, नोहानं शाप दिला म्हणून आपण काळे हाव का?" बाईंनी तसं शिकवलं होतं. तुम्हालाही पाळकांनी हेच सांगितलं होतं, आणि तुम्ही मरेपर्यंत ते खरं मानलंत.

मी बायबलातला उत्पत्तीचा नववा अध्याय बोट ठेवून वाचला. शाप देवानं दिलाच नाही. दारू पिऊन पडलेला नोहा उठल्या उठल्या बोलला, तेही आपल्या नातवाला. रंगाचा तर शब्दही नाही.

रविवारी उपासनेनंतर देवळातच बाईंना ते दाखवलं. म्हणाल्या, "आजी, आम्ही ऐकलेलंच शिकवून राहिलो."

नात म्हणाली, "म्हंजी पिलेल्या माणसाचं बोलणं व्हय?"

तुम्ही गेल्यापासून देवळात मी पहिल्यांदाच हसले. तुमच्यावर शाप नव्हता हो.

तुमची,
रूथची आई