खिडकीतला आवाज

मस्तगड, जालना
९ मार्च २००९

प्रिय तारा,

परतूरला तुझ्या इंग्रजीच्या शिकवणीत चाळीस पोरं झाली म्हणे. ऐकून छाती फुगली आणि लगेच खालीही बसली. हे पत्र लिहायला चार दिवस टाळाटाळ केली. 'आजचं काम उद्यावर टाकू नका' असं आयुष्यभर फळ्यावर लिहून देणारा माणूस मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

अंकुशनगरच्या बाजूच्या आपल्या शाळेत २००२ साली तो एकुलता एक कॉम्प्युटर आला, तुला आठवत असेल. सोबत इंग्रजीची सीडी होती. आतली बाई वाक्य बोलायची, आपण माइकमध्ये तसंच म्हणायचं, मग तो आपलाच आवाज आपल्याला ऐकवून शंभरपैकी गुण द्यायचा. पहिल्या दिवशी दार लावून मी एकटाच त्याच्यासमोर बसलो होतो, हे कुणाला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं इंग्रजी शिकवून मला एक्केचाळीस मिळाले. दुसऱ्याच आठवड्यात तू अठ्ठ्याहत्तर घेतलेस. तेव्हापासून त्या खोक्यावर माझा राग होता, तुझ्यावर कधीच नव्हता.

इंग्रजीत वाक्य म्हटलं की लगेच मराठीत अर्थ सांगायचा, हा माझ्या वर्गाचा जुना नियम. सीडीला तो मान्य नव्हता, पण मी सोडला नाही. त्या शुक्रवारी तू माइकसमोर 'माय मदर इज इन द फील्ड' म्हणालीस आणि नियमाप्रमाणे पुढे, माझी आई शेतात आहे. सोनूबाई नेमक्या तुझा डबा घेऊन खिडकीशी आल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "शेतात कुठं? ही काय उभी हाय मी. जल्दी ये, भाकर थंडी होऊन राह्यली." यंत्रानं तुला नऊ गुण दिले. वर्ग हसून हसून लोळला. मी ते पुन्हा लावलं, तेव्हा तुझ्या आईनं तोंडाला पदर लावला. असा आवाज आहे का माझा, असं म्हणत त्यांनी तीनदा ऐकलं. नंतर तू हळूच म्हणालीस की सर, एवढं पुसू नका. मी हो म्हणालो.

शनिवारी शाळा सुटताना आपण फळे पुसायचो, तसे मी मुलांचे आवाजही पुसायचो. सोमवारी पुन्हा पाटी कोरी. त्या सोमवारी तर तपासणी होती. साहेबांना ते नऊ गुण दिसू नयेत म्हणून मी जास्तच नेटानं पुसलं, आतली कचरापेटीसुद्धा रिकामी केली. तुझं सांगणं मला आठवत होतं, तारा. विसरलो असं म्हणायची सोय मला नाही. वाटलं, बाई रोज डबा घेऊन येतात, पुन्हा कधीही घेता येईल.

गळीत हंगाम संपायच्या आत सोनूबाई काविळीनं गेल्या. तेरावा झाल्यावर तू दप्तर न घेता शाळेत आलीस. घरात त्यांचा एकच फोटो होता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा. पण आईचा आवाज शाळेत आहे, असं तू घरभर सांगून आली होतीस. दाराबाहेर तुझे वडील रामकिसन टोपी हातात घेऊन उभे होते. मी तुम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणालो, मशीन बिघडलंय, पण आवाज आत सुरक्षित आहे. 'सुरक्षित' हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला, मला अजून कळत नाही. रामकिसन म्हणाले, "आत हाय ना सर, मंग झालं." दोघं शांतपणे परत गेलात. पुढे तू विचारलंस की मी कधी लाइट नाही म्हणायचो, कधी जालन्याचा मेकॅनिक यायचाय म्हणायचो. हळूहळू तू विचारायची थांबलीस. मी निवृत्त होऊन इकडे आलो. गेल्या दिवाळीत भेटायला आलीस तेव्हा म्हणालीस, आईचे शब्द आठवतात सर, आवाज काही केल्या आठवत नाही. मी चहाचं निमित्त करून आत गेलो आणि ओट्यापाशी उभा राहून रडलो.

चार दिवसांपूर्वी आपल्या शाळेच्या भुजंग शिपायाचा फोन आला. शाळा जुनी यंत्रं भंगारात काढतेय, त्यातलं पहिलं तू अर्ज करून मागून घेतलंस आणि येत्या शनिवारी न्यायला जाणार आहेस. पुण्यातला कुणी मित्र जुन्या डिस्कमधलं सगळं काढून देतो म्हणालाय. रामकिसन तर आतापासूनच नातेवाइकांना ऐकायला बोलावतायत. म्हणून हे पत्र. त्या खोक्यात काही नाही, तारा. पुढेही दोनदा ती डिस्क आम्ही कोरी करून घेतली. पुण्याचा मुलगा तुला तेच सांगेल, पण परक्या माणसाच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत ते तुझ्या कानावर पडू नये. मी पुसलं. तू नको म्हणाली होतीस, तरी पुसलं. शनिवारी शाळेत जाऊ नकोस. सकाळच्या पॅसेंजरनं मीच परतूरला येतो. वडिलांनाही मीच सांगेन. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी बाहेर उभा राहून सांगेन.

तुझाच, तुझा अपराधी,
दीनानाथ सर