मामीच्या ओळी

न्यूमन, पश्चिम ऑस्ट्रेलिया
१४ ऑगस्ट

पेनी मामा,

मी बरा आहे. गुडघे सोडून तुम्हीही बरे असाल. इथे खाणीत ट्रक चालवतो. ही तिसरी नोकरी, टिकेन बहुतेक. आपला कसाव्याचा कंद मिळत नाही, बटाट्यावर भागवतो.

परवा फोनवर आपला, मामीने लिहिलेला भरती-ओहोटीचा प्रोग्राम उघडून आपल्या गावची, लेवुकाची भरती पाहिली. इथून समुद्र चारशे किलोमीटर! तरी पाहिली.

आठवीत शाळा सोडलेल्या मला मामीने स्वयंपाकाच्या टेबलावर कोड लिहायला शिकवला. माझी पहिली दुरुस्ती तपासून तुम्ही लिहिलंत, "काम बरोबर, मांडणी चूक. परत." सहा वेळा! ओळ लांब झाली, परत. कंस खाली गेला, परत. मी चिडलो, "मशीनला कळतंय ना? मग झालं!" मामी मासे साफ करता करता म्हणाली, "मशीनला कळेल रे गाढवा, उद्या वाचणाऱ्याला कळायला नको?" न्यूझीलंडहून याच प्रोग्रामवर काम करणारी रोझी टोमणा मारायची, "सेवू, तुझा कंस अजून घरी आला नाही वाटतं!"

मामी गेल्यावरही तुम्ही तिचीच मांडणी धरून बसलात. मला वाटलं, म्हातारा हटवादी आहे.

पुढचं प्रोग्रामच्या पानावर लिहिता येत नाही, तिथे सगळे वाचतात. तुम्ही सुवाला दवाखान्यात गेलात त्या दिवशी मी सगळ्या फायलींची मांडणी एका झटक्यात बदलली. माझ्या आवडीची केली. कुणाला तपासायला न देता प्रोग्राममध्ये घातली. म्हटलं, वाद मिटला. प्रोग्राम नीट चालतच होता.

पण प्रत्येक ओळीपुढे शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही रोज सकाळी चहा घेऊन त्या ओळी का उघडता, हेही नाही. तुम्ही आलात, उघडलंत. जिथे मामीचं नाव, लिटिया, लिटिया, लिटिया असायचं तिथे खालपर्यंत नुसता सेवू. तुम्ही एवढंच म्हणालात, "चहा गार झाला."

पुढच्या आठवड्यात मी खाणीचा फॉर्म भरला. पगारासाठी जातो म्हणालो. खोटं बोललो.

मामा, जुनं काही पुसलं जात नाही. रोझीने सांगितलं, नावं दाखवताना कुठले बदल धरायचे नाहीत याची यादी ठेवता येते. ती आज पाठवली आहे. त्यात दोनच बदल आहेत: मामीची मांडणी मोडली तो, आणि आज ती पुन्हा लावली तो. दोन्ही माझे. तुम्ही मंजूर केलंत की ओळी पुन्हा तिच्या नावावर दिसतील.

पण नीट तपासा. कंस चुकला असेल तर परत पाठवा, सहादा पाठवा. तुमचं ते "परत" वाचून वर्ष झालं.

त्या ओळींवर नाव नको असलेला, तरी तुमचाच,
सेवू