आईच्या कॉम्प्युटरवरच्या जाहिराती

हडको, छत्रपती संभाजीनगर
८ जून २०२५

चि. राजेंद्र यास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. आईसाठी धाडलेला लॅपटॉप पोचला. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवलेली आपली आई आता एका बोटानं पाचोडच्या आठवणी टाइप करते. लई खूश आहे. बाजारात मोळी विकायला जायची, तिथवर मजकूर आलाय.

तक्रार एकच. काही न उघडताही कोपऱ्यातून जाहिराती येतात. गुडघ्याचं तेल, साखर मुळापासून घालवणारी पावडर. एक बंद केली की दुसरी हजर. माझ्या शाळेतल्या तनुजा मॅडम म्हणतात, ऑपरेटिंग सिस्टीमच बदला, बिनजाहिरातीच्या फुकट मिळतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू तर जाहिरातींच्याच कंपनीत आहेस, तूच सांग कोणती घेऊ. आईची साखर आटोक्यात आहे, गोळ्या चालू आहेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी करुणाताई

बंगळुरू
२० जून २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. अगं, जाहिराती काय चावतात का? रस्त्यावरचे बोर्ड वाचतच आपण घरी येतो की. लॅपटॉप स्वस्त पडतो तो त्यांच्यामुळंच, आणि माझं घरही त्यांच्यावरच चालतं. शिवाय कुणाला काय हवं ते ओळखून दाखवतात. आमचं कसब आहे ते.

मॅडम म्हणतात ते लिनक्स हौशी लोकांचं काम. तुला पेलणार नाही, आणि बिघडलं तर मी काही धावून येऊ शकणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन सूचना बंद कर, तेवढं पुष्कळ झालं. दिवाळीच्या सुट्टीत यायचं बघतो.

रागावलीस तरी आठवण ठेव.
तुझा राजेंद्र

हडको
३ सप्टेंबर २०२५

चि. राजेंद्र यास,
जयभीम.

आईचा पाय काढला, एवढंच फोनवर बोलता आलं. बाकीचं लिहिते.

सूचना मी बंद केल्या होत्या. मग कसलं तरी अपडेट आलं आणि जाहिराती पुन्हा सुरू झाल्या. मी दिवसभर शाळेत. आईनं त्या पावडरीचे डबे मागवले आणि जाहिरातीत सांगितलं होतं तशा गोळ्या सोडल्या. मला संशय येऊ नये म्हणून पाकीट फोडून गोळ्या मोरीत टाकायची. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम लुगड्याखाली झाकून ठेवली. घरात वास यायला लागला तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी घोट्याच्या वरून पाय काढला.

ती शुद्धीवर आल्यावर मी चिडून विचारलं, मला का नाय विचारलंस. तर म्हणाली, राजूच्या कंपनीचं औषध हाय, तो आईला खोटं कसं सांगंल.

त्याच आठवड्यात मी सिस्टीम बदलली. तनुजा मॅडमनी पेनड्राइव्हवरून आधी दोन दाखवल्या. जुनं न पुसता चालवून बघता येतात. एक दिसायला देखणी, पण कशात काय आहे तेच मला सापडेना. दुसरी लिनक्स मिंट. तिचा मेनू जुन्यासारखाच, खाली डाव्या बाजूला. मराठी टाइप होतंय का, आवाज येतोय का, प्रिंट निघते का, सगळं बघितलं. आईचा मजकूर वेगळा काढून ठेवला आणि मग जुनं पुसलं. एका दुपारचं काम. मला पेलणार नव्हतं ना ते?

करुणा

बंगळुरू
१२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. मी कंपनीत चौकशी केली. ती पावडर आमची नाही. आम्ही फक्त जागा विकतो, तिथं कोण काय लावतं ते माझ्या खात्यात येत नाही. आईला एवढं समजावून सांगशील का? तिच्यासाठी चांगल्यातला कृत्रिम पाय मी इथून पाठवतो. सध्या येणं जमणार नाही. खरं सांगायचं तर तिच्यापुढं उभं राहायची हिंमत होत नाही.

तुझाच,
राजेंद्र

हडको
२६ ऑक्टोबर २०२५

राजेंद्र,
जयभीम.

सुट्टी सरली, तू आला नाहीस. आई घरी आहे.

लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला. आता त्यावर काही येत नाही. साधा रंग आणि तिच्या आठवणींची फाईल. ती पडद्याच्या कोपऱ्याकडं बघत म्हणाली, राजूचं काय येईना का गं आता? मी तिला तू लिहिलेलं सगळं सांगितलं. पावडर राजूची नव्हती, त्याची कंपनी फक्त जागा विकते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू पयल्यापासून त्याच्यावर जळतीस. जुनं व्हतं तसं करून दे. मी नाही म्हटलं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आंघोळ मीच घालते, पट्टी मीच बदलते, आणि तिची मान भिंतीकडं. मजकूरही बाजाराच्या रस्त्यावरच थांबलाय.

येणार असशील तर तिच्यापुढं बसून तुझ्या तोंडानं सांग. येणार नसशील तर फोनवर काही सांगू नकोस. दोघांपैकी एका लेकरावर तरी तिचा भरवसा राहू दे.

एवढंच मागते.
करुणा