रिव्हॉल्व्हर धरणारा हात

२ मार्च, सकाळ
स्टुडिओतून प्रॉपर्टीदादाचा फोन. सिनेमाला लागणारं झाडून सगळं सामान हा माणूस सांभाळतो. खोटे दागिने, खोटे टेलिफोन, खोटी प्रेतं. म्हणाला, रिव्हॉल्व्हर परत बाहेर निघतंय, हात मोकळा आहे का? मी म्हणालो, डायरी बघून सांगतो. डायरी बघितली. कोरी होती. पण लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही, म्हणून चहा पिऊन मग फोन केला.

पुढे कुणी माझा अभ्यास वगैरे केला तर सोपं जावं म्हणून एकदाच लिहून ठेवतो. जुन्या पोलिसी घाटाचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. लाकडी मूठ. मुठीच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. नळीत शिसं ओतून कायमची बंद, आवाज नंतर घालतात. ते आजवर चार सिनेमांत झळकलं आणि चारही वेळा क्लोजअपमध्ये ते धरणारा उजवा हात माझा होता. चेहरा हीरोचा असतो. पण कॅमेरा जवळ गेला आणि चाप ओढायची वेळ आली की बोट माझं.

एरवी मी पार्सल ऑफिसात शिक्के मारतो. ती नुसती नोकरी आहे.

२ मार्च, संध्याकाळ
तपशील कळला. या वेळी इन्स्पेक्टर बाई आहे. हिरॉइनची नखं लांब आहेत आणि दुसऱ्या सिनेमासाठी ती तशीच ठेवायची आहेत. शिवाय ती रिव्हॉल्व्हरला घाबरते, बंद असलेल्यासुद्धा. हातासाठी दोन मुली येऊन गेल्या, पण वजन पेलेना, दोघींचे हात थरथरले. दादा म्हणाला, आता तूच बघ ट्राय करून. बाईचा हात माझ्याच्याने कसा होणार, असं त्याने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कलेला स्त्री-पुरुष असा भेद नसतो.

सर्वांत महत्त्वाचं! दिग्दर्शक म्हणालाय की शेवटच्या नामावलीत ‘हात’ असं लिहून पुढे नाव देणार. चार सिनेमांत माझं नाव कुठे आलेलं नाही. तिसऱ्यात तर मांजराचंही आलं होतं.

संकल्प : शूटिंग होईपर्यंत उजवा हात पाण्यात घालायचा नाही. जड उचलायचं नाही. कुणाशी हस्तांदोलन नाही.

३ मार्च
बायकोला संकल्प सांगितले. रात्रीची भांडी माझ्याकडे असतात, ती आता बंद, हेही सांगितलं. ती दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांना सुया टोचून आल्यावर तिला कलेबद्दल ऐकायचा मूड नसतो. म्हणाली, भांडी घासून हात झिजत असते तर माझे फक्त खांदेच शिल्लक राहिले असते. विनोद बरा होता. पण पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

भांडी तिने घासली. जरा आवाज करत घासली.

८ मार्च, रविवार
सासूबाई आल्या होत्या. हातचा मौका सोडला नाही, माझे चारही सिनेमे लावले. सबंध नाही, फक्त हाताचे भाग. थांबव म्हटलं की आमच्या लेकीने थांबवायचं, अशी व्यवस्था होती. दुसऱ्या सिनेमात हीरो न थांबता अकरा गोळ्या झाडतो. मी तेव्हाच सेटवर सांगितलं होतं की हे सहा गोळ्यांचं आहे. दिग्दर्शक म्हणाला होता, हाताने बोलू नये.

सासूबाईंनी चष्मा पुसून चारही वेळा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, हा तुमचाच कशावरून, कुणाचाही असेल की. मी टवका दाखवला. त्या म्हणाल्या, टवका रिव्हॉल्व्हरचा आहे, तुमचा नाही. लेक इतकी हसली की रिमोट खाली पडला.

सासूबाईंचं निरीक्षण कच्चं आहे.

११ मार्च
प्रॅक्टिस सुरू. रिव्हॉल्व्हर घरी नेऊ देत नाहीत, म्हणून बदली वस्तू शोधली. केस वाळवायचं यंत्र फारच हलकं. ड्रिल मशीनने पकड छान येते, पण लेक म्हणाली, बाबा दाताचे डॉक्टर वाटताय. शेवटी इस्त्री धरली. इस्त्री रिव्हॉल्व्हरहून जड आहे, म्हणजे प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हर पिसासारखं वाटणार. हे गणित आजवर कुणाला सुचलं नसावं.

हात समोर ताठ, इस्त्री पुढे, रेडिओवरचं गाणं संपेपर्यंत हलायचं नाही. गाणं मोठं निघालं.

१३ मार्च
ऑफिसात डाव्या हाताने शिक्के मारतोय. साहेबांनी बोलावून विचारलं, अर्ध्या पार्सलांवरची तारीख उलटी का? मी हाताचं कारण सांगितलं. ते म्हणाले, सिनेमात आहात तर तिकडेच जा ना. त्यांना हेवा वाटतो.

१५ मार्च
हात भादरला. बाईचा हात म्हटल्यावर केस कसे चालतील? दाढीचा साबण लावून कोपरापर्यंत साफ केला. मनगटाच्या हाडापाशी उंचवटा असतो हे मला माहीत नव्हतं. ब्लेडला होतं.

बायकोने पट्टी बांधली. हसली नाही, पण ओठ दाताखाली धरले होते. जखम लहान आहे म्हणाली, मोठं काही असेल तर ते वर डोक्यात आहे. आता एक हात तुळतुळीत आणि एक केसाळ. उकाड्यातही फुलशर्ट.

१९ मार्च
खांदा आखडला. इस्त्री सुटून टीपॉयच्या काचेवर पडली. काच गेली, इस्त्री शाबूत. बायको मलम चोळताना म्हणाली, चार दिवस हाताला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर ऐन वेळी दगा देईल. वैद्यकीयदृष्ट्या तिचं बरोबर असेल. पण विश्रांती ही सामान्य हातांसाठी असते.

प्रॅक्टिस दुप्पट केली.

२१ मार्च
गणवेशाचं माप. बाही माझ्या कोपराच्या वर जाईना. शिंप्याने मागून उसवली, म्हणाला कॅमेऱ्याला पुढूनच दिसते. मनगटी घड्याळ हिरॉइनचं. त्याचा पट्टा लागला नाही, तो सेलोटेपने चिकटवणार. मोठ्या कामात असल्या बारीकसारीक अडचणी यायच्याच.

२३ मार्च, सकाळ
आज शूटिंग! खांद्याच्या वर हात जात नाही, त्यामुळे भांग बायकोने पाडला. बुटाच्या नाड्या लेकीने बांधल्या. बायकोने अर्धी रजा घेतली आहे, कारण बसचा दांडा धरायलाही मला हात नाही. जाताना वाटेत तिला क्लोजअप म्हणजे काय ते समजावून सांगणार आहे.

लक्षात ठेवायचं : श्वास रोखायचा. अंगठ्याने मागचा घोडा ओढायचा. नाव नीट लिहा म्हणून सांगायचं.

२५ मार्च
काल लिहिलं नाही. परवाचंही राहिलं. आता झालं ते सरळ लिहितो, त्यात माझा दोष कमीच आहे.

सेटवर लाइट फार होते. रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. ते पिसासारखं वाटलं नाही. समोर धरलं तर नळी अशी हलायला लागली की कॅमेरामन म्हणाला, गुन्हेगार कोण, हा की समोरचा? दुसऱ्यांदा धरलं, बाही टरकली. तिसऱ्यांदा घोडा ओढायला गेलो तर अंगठाच वळेना. सेलोटेप सुटून घड्याळ पडलं. दिग्दर्शक म्हणाला, जरा बसा, पाणी प्या.

तेवढ्यात लाइट बदलायचा होता. त्यासाठी कुणीतरी रिव्हॉल्व्हर धरून उभं राहायला हवं होतं. दादाने बायकोला विचारलं, वहिनी, दोन मिनिटं धरता का? तिने पदर खोचला आणि धरलं. दोन मिनिटांची वीस झाली. ती तशीच उभी. दादाला ब्लडप्रेशरच्या गोळ्या वेळेवर घेता का म्हणून विचारत होती, मीठ कमी करा म्हणत होती, आणि हात मात्र भिंतीत खुंटी ठोकावी तसा. नखं कापलेली, दवाखान्याचा नियमच आहे. मग दादाने घोडा कसा ओढायचा ते दाखवलं आणि तिने औषधाच्या बाटलीचं झाकण उघडावं तसा एका अंगठ्याने खट्‌कन मागे घेतला.

दिग्दर्शक उठून उभा राहिला. कॅमेरामन म्हणाला, हेच घेऊ या. गणवेशाची दुसरी बाही आणली. ती तिला बरोबर बसली. घड्याळही बसलं.

मी हात हलवत घरी आलो. हात तसाही हलतच होता.

२८ मार्च
शांतपणे विचार केला. हा माझा पराभव नाही. हात तिचा असला तरी घडवणारा मी आहे. बसमध्ये क्लोजअप मीच समजावला होता. तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, बसमध्ये मी झोपले होते.

संकल्प : ऑफिसात याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

३० मार्च
ऑफिसात सगळ्यांना कळलं. मीच सांगितलं. पण माझ्या बाजूने सांगितलं. साहेबांनी बायकोचं अभिनंदन कळवलंय. हात दाखवून अवलक्षण.

१० जुलै
सिनेमा लागला. सगळे गेलो, सासूबाईही. मी मनाशी ठरवलं होतं की हे शेवटी एक संपादनाचं काम असतं, दोन सेकंदांत निघून जाईल, कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

शेवटच्या प्रसंगात सगळा आवाज बंद होतो. अंधारातून हात वर येतो. टवका दिसतो. अंगठा घोडा ओढतो, खट्‌, आणि हात हलत नाही. हलतच नाही. कितीतरी वेळ पडद्यावर फक्त तो हात. मग समोरचा गुन्हेगार स्वतःहूनच शस्त्र टाकतो आणि मागून शिट्ट्या.

सासूबाई उभ्या राहिल्या. मोठ्याने म्हणाल्या, अगं, हा तर तुझा हात! लहानपणी दूध सांडून भाजलं होतं तो डाग, बघ, अंगठ्यापाशी. मागचे लोक बसा बसा म्हणत होते. त्या बसल्या नाहीत.

मला हेवा वाटला, भरपूर वाटला. अभिमानही वाटला, पण तो घरी आल्यावर. थिएटरात शेजारच्या खुर्चीत ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, एकावर एक, कुणी बघेल म्हणून झाकल्यासारखे. इतक्या वर्षांत मी तो डाग पाहिला नव्हता.

नामावलीसाठी मी सगळ्यांना थांबवून ठेवलं. लाइट लागले, लोक गेले, झाडणारे आले. खाली, तिसऱ्या सिनेमात मांजराचं नाव होतं तिथे, आलं : हात, आणि पुढे हिचं नाव. लेकीने टाळ्या वाजवल्या. मी उठणार इतक्यात अगदी तळाशी आणखी एक ओळ आली. विशेष आभार : हाताचे यजमान.

म्हणजे पाचव्या सिनेमात का होईना, आलो.

१२ जुलै
दादाचा फोन. रिव्हॉल्व्हर पुन्हा निघतंय. मी म्हणालो, डायरी बघून सांगतो. तो म्हणाला, वहिनींची बघ.

तिची डायरी भरलेली आहे, पण मंगळवारी सुट्टी आहे. घरात मीच जाहीर केलं की तोवर हिच्या उजव्या हाताला पाणी लागता कामा नये. कलेची काळजी घ्यायची कशी, हे या घरात मलाच ठाऊक आहे. ती लगेच कबूल झाली. डाव्यालाही लागू नये म्हणाली.

रात्रीची भांडी माझ्याकडे आली. सकाळचीही आली. दुधाचं पातेलं तळाशी लागलंय. घासलं, निघालं नाही. भिजत घातलंय.