चौदा टक्के

९ नोव्हेंबर, रविवार

काल लिहिलं ते चूक आहे. लिहिलं होतं — आकडा ऐकून अब्बा गप्प झाले. तसं नाही. आधी त्यांचा चेहरा सैल पडला, सुटल्यासारखा. मग गप्प झाले. चूक खरवडायची नाही, खाली बरोबर लिहायचं — हे त्यांनीच शिकवलंय. दुसरीपर्यंत माझी शाळा म्हणजे तेच. नवी पेठेतलं त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आणि कोपऱ्यात माझी पाटी.

आकडा चौदा. माझ्या यकृतात चौदा टक्के चरबी. पंचावन्न किलोची मी! दहाच्या आत असती तर माझ्या यकृताचा तुकडा अब्बांना बसवता आला असता. त्यांचं पार वाळून गेलंय. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, दोन महिने घ्या, चरबी उतरवा, पुन्हा एमआरआय करा. त्याहून जास्त थांबायला अब्बांकडे वेळ नाही.

११ नोव्हेंबर

एमआरआयच्या मशीनमधला आवाज डोक्यातून जात नाही. "श्वास घ्या. सोडा. रोखून धरा." रेकॉर्ड केलेली कुणी बाई. पण आत पडल्यावर मला तो अम्मीचा वाटला. आठ वर्षांपूर्वी पित्ताच्या खड्यांचं साधं ऑपरेशन म्हणून अम्मी आत गेली, ती परत आली नाही.

मशीन चालवणाऱ्या चेतनाताईंना विचारलं होतं, सुई न टोचता चरबी कळते कशी. म्हणाल्या, चुंबकात पाण्याचे आणि चरबीचे कण दोन्ही घुमतात, चरबीचे जरा मागे पडतात. त्या फरकावरून कोण किती ते वेगळं काढायचं. "अंगावरून कळत नाही गं. तुझ्यासारख्या काड्यांतच लई सापडती."

अब्बांनी कधी दारूला हात लावला नाही. त्यांचंही चरबीपासूनच सुरू झालं. तेव्हा कुणी मोजलं नाही, एवढंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अम्मीच्या नावाने फातेहा — गेलेल्यासाठी दुआ पढून खाणं वाटायचं. दर गुरुवारी असतो. मलिदा अब्बा स्वतः करतात — चपाती, गूळ, तूप, सगळं कुस्करून, अम्मी करायची तसा. आज तूप बोटांवरून ओघळत होतं. "थोडा खा ले, बेटा. अम्मी का है."

फातेहाचं खाणं नाकारायचं नसतं. खाल्लं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मंगळवार. तरी फातेहा! कालही होता. विचारलं तर म्हणाले, अम्मी स्वप्नात येते, भूक लागली म्हणते.

घरभर तुपाचा वास. अम्मी आत उभी आहे असं वाटत राहतं. शेवटी स्वयंपाकघरात डोकावले. अब्बाच होते. भिंतीला पाठ टेकलेली, पोट पाण्याने फुगलेलं, पाय सुजलेले. तरी हात कुस्करतच होते.

१९ नोव्हेंबर

खाल्लं.

२ डिसेंबर

सकाळी कंबर तलावाला चक्कर मारून येत होते. वाटेत शाकीरचाचा भेटले, अब्बांचे दुकानातले भागीदार. हसत म्हणाले, "तू आकडा उतरवायला पळतीस, अन् चढवणारा घरात बसलाय की!" मला कळलं नाही. मग त्यांचं हसू गेलं. अब्बा दुकानात त्यांच्यापाशी बोलले होते — पोरीचा आकडा तसाच राहू दे, म्हणजे तिला कुणी कापणार नाही.

तो सैल पडलेला चेहरा. मी लिहिलं होतं, पण वाचलं नव्हतं.

मरायला तयार आहेत. तेही अम्मीच्या नावाने, घासाघासाने.

३ डिसेंबर

चिमूटभर खाल्लं. बाकीचं शेजारी वाटलं. फातेहाचं वाटायचंच असतं, ते खोटं नाही. पण अब्बांना रिकामी ताटली दाखवली. ते खोटंच.

२१ डिसेंबर

शेजारच्या यशोदाकाकू म्हणाल्या, "सबा, तुमच्या मलिद्यानं आमीच जाड व्हायलोय की." हसले. घरी येऊन रडले.

१० जानेवारी, शनिवार

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळे रिक्षा लांबच सोडावी लागली. पुन्हा तोच आवाज. रोखून धरा. या वेळी मी अम्मीसाठीच धरला.

चेतनाताईंनी पडद्यावर यकृतात ठिकठिकाणी छोटी वर्तुळं टाकली, शिरा टाळून. सगळ्यांची सरासरी सहा.

सहा!

१२ जानेवारी

अब्बांना सांगितलं. रिकाम्या ताटलीचंही सांगितलं. रागावले नाहीत. पुण्याच्या ऑपरेशनला त्यांचीही सही लागते. कागदाकडे बघून म्हणाले, "तेरी अम्मी के टाइम दस्तखत मैंच करा था. वोइच हात है. दुसरी बार नक्को."

मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांचा श्वास मोठ्याने येतो आता. मध्येच थांबतो. मी पण थांबते.

१६ जानेवारी

काल गुरुवार होता. पहिल्यांदाच अम्मीचा फातेहा चुकला. अब्बांना उठवत नाही. आणि आता माझा आकडा चढवण्यातही काही उरलं नाही.

१७ जानेवारी

येत्या गुरुवारी, २२ तारखेला, मलिदा मी करणार. अम्मीच्या नावाने. चमचाभर अब्बांच्या पुढ्यात ठेवीन, शेजारी पुण्याचा कागद आणि पेन. म्हणेन, थोडा खा लो, अब्बा. अम्मी का है.